बंब घ्यावा पारखून

काही वर्षांपूर्वीची, चैत्रातल्या एका दुपारची गोष्ट आहे. ओरोसच्या माझ्या घराच्या पडवीत बसलो होतो. पश्चिमेच्या सड्यावर धुराची एक रेघ दिसली. कोकणात या दिवसांत धूर दिसला की कोणी पटकन उठत नाही. कोणीतरी भाजवळ करीत असेल, बांधावरचे गवत जाळीत असेल, असे म्हणून माणूस पुन्हा वर्तमानपत्रात डोके घालतो. पाचच मिनिटांत त्या रेघेचा पडदा झाला आणि वाडीतली पोरे हातात ओले टाळे घेऊन धावत सुटली. काजूची बाग पेटली होती. बारा-पंधरा वर्षे जोपासलेली कलमे, खाली वाळलेला पाचोळा आणि वर डोंगरवारा. आगीला आणखी काय हवे!

फोनाफोनी झाली. शेजारच्या शहरातून बंब निघाला, महामार्गावरून वेळेत आलाही. लाल, चकचकीत, पाहूनच धीर यावा असा. पण पाणंदीच्या तोंडाशी येऊन तो थांबला. दोन्ही बाजूंना चिऱ्यांचे गडगे, मध्ये जेमतेम ट्रक जाईल एवढी वाट आणि पुढे काटकोनातले वळण. चालक खाली उतरला, चालत वळणापर्यंत जाऊन आला आणि माझ्याकडे पाहून म्हणाला, ‘‘गाडी बरी आसा ओ काका, पण हंय ती वळतली खंय?’’

बंबाच्या टाकीत हजारो लिटर पाणी होते आणि बाग तीनशे पावलांवर जळत होती. पाइप जोडत जोडत नेईपर्यंत निम्मी कलमे गेली. उरलेली वाचली ती पोरांच्या टाळ्यांनी.

त्या गाडीकडे पाहताना मला मात्र आणखी एक गोष्ट आठवत होती. नगर परिषदांचे हिशेब तपासण्यात माझी उमेदीची वर्षे गेली. कोकणातल्या एका गावच्या बंबाची फाइल त्या काळात माझ्या टेबलावरून गेली होती. ती गाडीही अशीच, मूळ मागणीपेक्षा लांब, जड आणि महाग होऊन आली होती. नगर परिषदेने मुळात मागितलेली गाडी अशा पाणंदीत कदाचित वळली असती. ‘एवढेसेच’ बदल करता करता तिची ही गाडी झाली. आज लिहायचे आहे ते त्या एवढ्याशा बदलांविषयी.

बंब तयार कसा होतो?

स्कूटर किंवा मोटार आपण दुकानात जाऊन पसंत करतो, पैसे भरतो आणि घरी आणतो. बंबाचे तसे नसते. बंब तयार मिळत नाही, तो बांधून घ्यावा लागतो. आधी एखाद्या ट्रक कंपनीची चासी घ्यायची, म्हणजे इंजिन, चाके आणि सांगाडा. ती बंब बांधणाऱ्या कारखान्यात जाते. तिथे तिच्यावर पाण्याची टाकी, पंप, माणसांची केबिन, पाइप ठेवण्याचे कप्पे आणि शिडी चढते. पंप चालतो तो बहुधा गाडीच्याच इंजिनावर. इंजिनाची ताकद चाकांकडून काढून पंपाकडे वळवणारा एक जोड त्यासाठी बसवलेला असतो. हे सगळे कसे असावे याची भारतीय मानके आहेत. पाण्याच्या बंबांसाठी आयएस ९४८ आणि आयएस ९५० ही त्यांतली जुनी व परिचित नावे. राज्यात महाराष्ट्र अग्निशमन सेवा संचालनालय आहे, त्याचे तांत्रिक मार्गदर्शन मिळते. म्हणजे कागदावर पाहिले तर नगर परिषदेने भलतेच काही मागण्याला फारसा वाव नाही.

पण मानक सांगते ते किमान काय हवे एवढेच. आपल्या गावात काय चालेल हे मानकाला ठाऊक नसते. मालवणची बाजारपेठ, वेंगुर्ल्याच्या गल्ल्या, आंबोलीचा चढ, देवगडच्या हापूसच्या बागांतल्या वाटा हे गावच्या माणसांनीच सांगावे लागते, आणि तेही निविदा काढण्यापूर्वी. नेमके तेच होत नाही.

त्या फाइलमध्ये काय झाले होते पाहा. मागणीपत्र तयार करताना दुसऱ्या एका नगर परिषदेचे जुने मागणीपत्र आणून त्यावरचे नाव तेवढे बदलले होते. अग्निशमनाच्या माणसांना कोणी विचारले नव्हते, कारण ती रोजंदारीवरची. निविदा निघाली, सर्वांत कमी दराची मंजूर झाली, कार्यादेश दिला गेला. गाडी कारखान्यात गेल्यावर मात्र सर्वांना जाग आली. कोणी म्हणाले, टाकी मोठी हवी, आपल्याकडे उन्हाळ्यात पाणी कुठे मिळते? कोणी म्हणाले, टपावर फिरती तोफ हवी, पलीकडच्या गावच्या बंबावर आहे. चालकाला पहिल्यांदाच कारखान्यात नेले, तेव्हा त्याने सांगितले की कप्प्यांची दारे उलट्या बाजूला उघडतात. कोणाला फेसाची वेगळी टाकी हवी झाली, तर कोणाला लोखंडाऐवजी न गंजणारे पोलाद. यांतली एकही सूचना वाईट हेतूने आलेली नव्हती. प्रत्येक सूचनेवर पुरवठादाराने नम्रपणे ‘होय साहेब’ म्हटले आणि प्रत्येक ‘होय’चे वेगळे पत्र, वेगळा दर आणि वेगळी मुदत आली. सभेपुढे विषय आला तो कार्योत्तर मंजुरीसाठी, म्हणजे काम होऊन गेल्यावर.

मी अर्धसमास पत्र काढले, आक्षेप नोंदवला. उत्तर आले, ‘जनहितास्तव तातडीने निर्णय घेण्यात आला.’ आक्षेप वर्षानुवर्षे तसाच राहिला. असे आक्षेप फायलींत म्हातारे होतात.

पाटावरचा गणपती

उशिरा केलेला बदल महाग का पडतो, हे सिंधुदुर्गातल्या माणसाला वेगळे शिकवायला नको. आपण गणपतीचा पाट मूर्तिकाराच्या शाळेत आधी नेऊन देतो. तेव्हाच सांगतो, मूर्ती केवढी हवी, बैठी की उभी, पितांबर कोणत्या रंगाचा. माती ओली असते तोवर मूर्तिकार ऐकतो. सोंड डावीकडची उजवीकडे करायला त्याला तेव्हा फारसा वेळ लागत नाही. पण रंग चढल्यावर, डोळ्यांची आखणी झाल्यावर कोणी यजमान म्हणू लागला की हात जरा वर हवा होता, तर मूर्तिकार काय म्हणेल? ‘‘बाबांनू, माती ओली होती तेवा कित्याक नाय सांगलास?’’

बंबाचेही हेच आहे. बदल कागदावर असतो तेव्हा तो खोडरबराने होतो. चासी विकत घेतल्यावर तो करवत आणि वेल्डिंगने करावा लागतो. गाडी रंगवून झाल्यावर आधी केलेले काम मोडा आणि पुन्हा करा, असा दुहेरी खर्च येतो. बदल तोच, पण त्याची किंमत तो कोणत्या दिवशी सुचला यावर ठरते.

दुसरे कारण वजनाचे. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, हे आपण शाळेत शिकलो. साडेचार हजार लिटरची टाकी सहा हजारांची करा म्हटले की गाडीवर दीड टन वजन वाढले. पन्नास किलोची तीस पोती कायमची लादण्यासारखेच ते. शिवाय टाकीचे आणि तिला धरणाऱ्या पोलादाचे वजन वेगळे. ते चासीला झेपत नसेल तर चासीच मोठी घ्यायची. ती लांब असते, तिला वळायला जागा जास्त लागते, चढावर ती दमते आणि उतारावर तिचे ब्रेक तापतात. टाकी अर्धी भरलेली असली की पाणी आत हेलकावे खाते. ते आवरायला आतून आडभिंती लागतात आणि टाकीचा आकार बदलला की त्यांचेही गणित बदलते. म्हणजे ‘टाकी थोडी मोठी करा’ हे चार शब्द गाडीच्या नखापासून शेंडीपर्यंत पोहोचतात. सभागृहात मात्र ते चारच शब्द असतात.

तिसरे कारण बाजाराचे आहे आणि माझ्या मते तेच सर्वांत महत्त्वाचे. निविदा उघडेपर्यंत नगर परिषद राणी असते. चार पुरवठादार दारात उभे असतात आणि एकमेकांच्या भीतीने दर कमी ठेवतात. कार्यादेशावर सही झाली की त्यातले तीन निघून जातात. आता दुकानदार एकच आणि आपली वस्तू त्याच्या कारखान्यात अर्धवट उघडी पडलेली. अशा वेळी ‘हे वाढवायला किती घ्याल?’ असे विचारले, तर तो म्हणेल ती किंमत. ती जास्त आहे असे म्हणायला आपल्याजवळ दुसरा दरच नसतो. लग्नाच्या आदल्या दिवशी शिंप्याकडे गेलेल्या वधूपित्यासारखी ही अवस्था.

यातून एक खेळही जन्माला येतो. हिशेबासाठी एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, एका बंबासाठी दोन निविदा आल्या. पहिल्याचा दर ६० लाख, दुसऱ्याचा ६४ लाख. दुसऱ्याने गावाला लागणाऱ्या चार गोष्टी आधीच धरल्या आहेत. पहिल्याने मागणीपत्रातल्या अक्षराबाहेर काहीच दिलेले नाही. नियमाप्रमाणे ६० लाखांची निविदा मंजूर होते. मग त्याच चार गोष्टी एकेक करून मागितल्या जातात आणि त्यांचे तीन, अडीच, अडीच आणि दोन लाख लागतात. बंब पडतो ७० लाखांना. तुलनात्मक तक्त्यात चार लाख वाचवल्याची नोंद होते, खजिन्यातून सहा लाख जास्त जातात आणि कोणताही कागद खोटा नसतो. अनुभवी पुरवठादाराला मागणीपत्र वाचताक्षणी त्यातली भोके दिसतात. तो ती दाखवत नाही, त्यांच्या भरवशावर दर कमी भरतो.

रोग जुना, नावे अनेक

हा रोग बंबांपुरता आहे असे समजण्याचे कारण नाही. महाराष्ट्राच्या सार्वजनिक जीवनात त्याने आपली एक शब्दसंपदाच निर्माण केली आहे. वाढीव काम, जादा बाब, सुधारित अंदाजपत्रक आणि ‘सुप्रमा’. सुधारित प्रशासकीय मान्यतेचे हे लाडके नाव. पाटबंधारे प्रकल्पांच्या सुप्रमांनी २०१२ साली राज्याचे राजकारण ढवळून काढले, श्वेतपत्रिका निघाली आणि माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली. आपल्या जिल्ह्यातला तिलारी प्रकल्प पाहा. महाराष्ट्र आणि गोवा यांचा १९९० साली करार झाला तेव्हा खर्चाचा अंदाज सव्वादोनशे कोटींच्या आत होता. पुढे तो हजार कोटींच्या पार गेला. त्यात महागाई होती, भूसंपादन होते, पुनर्वसन होते. सगळे खापर बदलांवर फोडणे अन्यायाचे होईल. पण सुरुवातीचा आराखडा कच्चा असला की पुढच्या प्रत्येक पावलाला जास्त पैसे मोजावे लागतात, एवढा धडा त्यातून घ्यायला हरकत नाही.

सार्वजनिक बांधकाम खात्याने हा धोका फार पूर्वी ओळखला. त्याच्या ठेक्यात ३८ वे कलम असते. निविदेतल्या परिमाणापेक्षा काम २५ टक्क्यांहून अधिक वाढले, तर वरच्या कामाला कोणता दर लावायचा हे ते सांगते. कलमाचा उपयोग किती होतो आणि पळवाटा किती निघतात हा वेगळा विषय. पण काम वाढणार हे गृहीत धरून आधीच लगाम तयार ठेवण्याचा शहाणपणा तिथे आहे. बंबासारख्या खरेदीच्या करारांत असा लगाम मला क्वचितच दिसला.

बाहेरच्या जगातही चित्र फार वेगळे नाही. अमेरिकेत गावोगावची अग्निशमन दले आपापल्या आवडीची गाडी बांधून घेतात. कारखान्यात बांधणीपूर्वी बैठक होते आणि त्या बैठकीतच बदलांची यादी लांबू लागते. प्रत्येक बदलामागे किंमत चढते आणि गाडी मिळण्याची तारीख पुढे जाते. गेल्या काही वर्षांत तिथे एका साध्या बंबाची किंमत दहा लाख डॉलरच्या घरात गेली आणि गाडी हाती यायला दोन-दोन, चार-चार वर्षे लागू लागली. कारखाने मोजक्या कंपन्यांच्या हाती एकवटल्यामुळे असे झाले, अशी तक्रार अग्निशामकांच्या संघटनेने केली आणि २०२५ च्या सप्टेंबरात तिथल्या सिनेटच्या उपसमितीने कंपन्यांच्या अधिकाऱ्यांना बोलावून जाब विचारला. त्याच वर्षीच्या जानेवारीत लॉस एंजेलिसला वणव्यांनी वेढले, तेव्हा दुरुस्तीअभावी उभ्या असलेल्या बंबांचे फोटो जगभर छापून आले. पैशाची कमतरता नसलेल्या देशाची ही कथा.

प्रत्येकाची गाडी वेगळी असण्याचा याहून मोठा तोटा १९०४ मध्ये त्याच देशाने पाहिला. फेब्रुवारीत बाल्टिमोर शहर पेटले. वॉशिंग्टन, फिलाडेल्फिया, न्यूयॉर्कहून बंब धावून आले, पण अनेकांच्या पाइपांचे जोड बाल्टिमोरच्या नळांना बसेनात. दीड हजारांवर इमारती गेल्या. इंग्लंडला तोच धडा दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बवर्षावात मिळाला. १९४१ साली तिथे शेकडो स्थानिक दले एकत्र करून राष्ट्रीय अग्निशमन दल उभारावे लागले आणि साधनांत एकसारखेपणा आला. आपली गाडी शेजाऱ्यापेक्षा निराळी असावी ही हौस पाहुण्यांसमोर शोभते. आगीसमोर शेजाऱ्याचा पाइप आपल्या बंबाला बसणे जास्त महत्त्वाचे.

मग बदलच नकोत?

इथे एक सावधगिरीची गोष्ट सांगितली पाहिजे. हा लेख वाचून एखादा लेखापाल ‘आता एकही बदल मंजूर करणार नाही’ असे म्हणेल, तर तो माझा विपर्यास होईल. काही बदल करावेच लागतात. कप्प्याची दारे उलटी उघडत असतील, रात्रीच्या अंधारात पाइप काढताना माणसाचा हात चिरडणार असेल, तर खर्च कितीही येवो, ती दुरुस्त केलीच पाहिजेत. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाचा स्फोट झाला आणि अग्निशमन दलाचे ६६ जण गेले. त्यांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी अग्निशमन सेवा सप्ताह पाळतो. मे २०१५ मध्ये काळबादेवीच्या आगीने मुंबईच्या दलाचे प्रमुख सुनील नेसरीकर यांच्यासह चार अधिकारी हिरावून नेले. आगीत शिरणाऱ्या माणसाच्या जिवाशी निगडित गोष्टीत काटकसर करण्याचा अधिकार आपल्याला, घरात बसणाऱ्यांना नाही.

म्हणून बदलांची दोन ताटे वेगळी मांडावीत. चूक सुधारणारा बदल एका ताटात, हौसेचा बदल दुसऱ्यात. पहिल्या प्रकारच्या बदलाला ताबडतोब मंजुरी द्यावी आणि ती चूक मागणीपत्रात कशी राहिली हेही लिहून ठेवावे. दुसऱ्या प्रकारचा बदल पुढच्या बंबासाठी राखून ठेवावा. आपल्याकडे नेमके उलटे होते. टपावरची तोफ मंजूर होते, कारण ती उद्‌घाटनाच्या फोटोत दिसते. दार तसेच राहते, कारण ते फक्त चालकाला दिसते.

ओरोसचा बंब कोणाचा?

आता आपल्या घरचे पाहू. १९८१ साली सिंधुदुर्ग जिल्हा झाला आणि ओरोसच्या माळावर सिंधुदुर्गनगरी उभी राहिली. जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, न्यायालय, जिल्हा रुग्णालय आणि पुढे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आले. जिल्ह्याचे सगळे महत्त्वाचे कागद आणि सगळे गंभीर रुग्ण या एका माळावर आहेत. पण नगरी म्हणून नाव मिळाले तरी तिची वाढ झाली ती नगर परिषदेच्या छत्राविना. आणि कायद्याने अग्निशमनाची जबाबदारी येते ती नगर परिषदेकडे. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेला बारावी अनुसूची जोडली, तिच्यात नागरी संस्थांच्या कामांमध्ये अग्निशमन सेवा सातव्या क्रमांकावर आहे. पंचायतींची २९ कामे सांगणाऱ्या अकराव्या अनुसूचीत मात्र तिचा उल्लेखच नाही. २०११ च्या जनगणनेत या जिल्ह्याची लोकसंख्या साडेआठ लाखांच्या आसपास होती आणि त्यातले शहरात राहणारे शंभरात तेराही नव्हते. म्हणजे उरलेल्या सत्त्याऐंशी जणांच्या घराला, गोठ्याला, बागेला आग लागली, तर बंब बहुधा दुसऱ्याच्या घरून यायचा असतो.

यावरून एक गोष्ट सरळ निघते. सिंधुदुर्गातल्या कोणत्याही नगर परिषदेचा किंवा नगर पंचायतीचा बंब हा फक्त त्या शहराचा नसतो. तो दहा कोसांतल्या वाड्यांचाही असतो. तेव्हा त्याचे मागणीपत्र लिहिताना बाजारपेठेतली गल्ली जशी डोळ्यांसमोर हवी, तशी पाणंदही हवी. मोठी टाकी मागणाऱ्याचेही एक म्हणणे खरे आहे, उन्हाळ्यात सड्यावर पाणी मिळत नाही. पण त्याला उत्तर म्हणून एका गाडीला फुगवण्यापेक्षा एक छोटा चपळ बंब आणि त्याच्या मागून पाणी पुरवणारा साधा टँकर अशी जोडी जास्त कामाची ठरेल. हे निविदेपूर्वी सुचले तर ती योजना होते. कारखान्यात गाडी उघडी पडल्यावर सुचले, तर वाढीव काम होते.

पैशाचा ओघ या क्षेत्राकडे वळला आहे, म्हणून हे आजच बोलले पाहिजे. जानेवारी २०२१ मध्ये भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात दहा नवजात बालके दगावली. त्याच वर्षी विरारच्या रुग्णालयात आणि अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात आगींनी रुग्णांचे बळी घेतले. त्यानंतर यंत्रणा हलली. पंधराव्या वित्त आयोगाच्या शिफारशीवरून केंद्राने २०२३ मध्ये राज्यांच्या अग्निशमन सेवांसाठी पाच हजार कोटींची योजना सुरू केली. असा निधी आला की मार्चअखेरची घाई येते आणि घाईत मागणीपत्रे दुसऱ्यांची उतरवून काढली जातात.

काय करता येईल?

माझ्या अनुभवावरून चार-पाच गोष्टी सुचवतो. त्यांना नवा कायदा लागत नाही.

मागणीपत्र लिहिण्यापूर्वी चालक आणि अग्निशामक यांची बैठक घ्यावी, त्यांच्या सह्यांनी इतिवृत्त ठेवावे. रोजंदारीवरचा माणूस असला तरी आगीत तोच जाणार आहे. मग गावातली सर्वांत अरुंद दहा वळणे टेपने मोजावीत आणि गाडीची कमाल लांबी, रुंदी, उंची आणि वळणाचा घेर निविदेतच लिहावा. लाखांच्या खरेदीत एक दिवस आणि एक टेप एवढाच हा खर्च.

ज्या गोष्टी पुढे हव्याशा वाटण्याची शक्यता आहे, त्यांचे दर निविदेतच पर्यायी बाबी म्हणून मागवावेत. फेसाची टाकी, फिरती तोफ, जादा दिवे. चार पुरवठादार दारात असतानाच त्यांचे दर ठरले, तर पुढे एकटा दुकानदार अडवू शकणार नाही. आणि कमी दर कोणाचा हे ठरवताना त्या पर्यायांची बेरीजही विचारात घेणार, असे आधीच जाहीर करावे.

आराखडा पक्का करण्याची एक तारीख करारात असावी. त्या तारखेनंतरचा प्रत्येक बदल लेखी, कारणासह, दरासह आणि कामापूर्वी मंजूर व्हावा. एकूण बदलांना किमतीच्या ठराविक टक्क्यांची मर्यादा असावी आणि ती ओलांडायची तर विषय सर्वसाधारण सभेपुढे यावा. कार्योत्तर मंजुरी ही अपघातापुरती असावी, ती रीत होऊ नये. चासी आल्यावर, टाकी आणि पंप बसल्यावर आणि रंग देण्यापूर्वी, अशी तीन वेळा तपासणी व्हावी आणि तिन्ही वेळा चालक सोबत असावा. फक्त शेवटच्या तपासणीला सगळे पदाधिकारी मिळून जाण्यात सहलीचा आनंद असतो, तपासणी होत नाही.

शेवटी, जिल्ह्यातल्या संस्थांनी मिळून एकच आराखडा ठरवावा. सावंतवाडीचा सुटा भाग कणकवलीच्या बंबाला बसला, कुडाळचा चालक मालवणची गाडी चालवू शकला, तर दुरुस्ती स्वस्त होईल आणि मोठ्या आगीत चार बंब एक होऊन काम करतील.

आणि आपण, वाचकांनी? बंबाचे लोकार्पण असले की आपण नारळ फुटताना टाळ्या वाजवतो. त्याऐवजी एकदा आपल्या नगरसेवकाला तीन प्रश्न विचारून पाहावेत. मूळ दर किती होता? प्रत्यक्षात किती दिले? आणि मधला फरक कशासाठी? माहितीचा अधिकार २००५ पासून आपल्या हाती आहे. हे प्रश्न विचारणारी चार माणसे गावात आहेत एवढे कळले, तरी मागणीपत्र लिहिणारा हात थोडा सावकाश चालेल.

त्या जळालेल्या बागेत शेजाऱ्यांनी पहिल्या पावसात पुन्हा कलमे लावली. काजूला नीट धरायला चार-पाच वर्षे लागतात आणि मूळ बागेएवढी ती व्हायला त्याहून किती तरी अधिक. परवा ते म्हणाले, यंदा पाणंदीतला कोपऱ्यावरचा गडगा दोन हात मागे घेतला, म्हणजे बंब आला तर वळेल. खर्च त्यांनी स्वतः केला. बंबासाठी आपली भिंत पाडणारा शेतकरी एकीकडे आणि वळणाचा विचारही न करता गाडी वाढवत नेणारे आपले सभागृह दुसरीकडे. यांपैकी कोणी कोणासाठी मागे सरायला हवे होते, याचे उत्तर पुढच्या बंबाचे मागणीपत्र लिहिणाऱ्यांनी द्यावे.